तात्यासाहेबांचा भविष्यकाळ

इंग्रजीच्या जुन्या कालिंदी शेवडे बाईंना शाळेतलं सगळं सोसवे, पण इंग्रजीच्या नव्या तांबोळी बाईंचं कौतुक काही सोसवत नसे. मुली आता शंका घेऊन त्यांच्याकडेच धावत आणि इकडे शेवडे बाईंच्या पोटात दुखे.

स्नेहसंमेलनात संधी चालून आली. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब जगदाळे ऐटीत इंग्रजीतून बोलले, "व्हेन आय विल बिल्ड द गर्ल्स होस्टेल, आय विल बी हॅपी!" वसतिगृहाचं हे आश्वासन दरवर्षीचंच होतं. तोवर लांबच्या वाड्यांवरच्या मुली शाळा सोडत होत्या.

शेवडे बाई गोड हसून म्हणाल्या, "तात्यासाहेब, इंग्रजी कसं झालं ते आमच्या नव्या बाईंना विचारा ना!" तांबोळी बाईंनी चूक दाखवली तर नोकरी जाणार, बरोबर म्हटलं तर मुलींसमोर फजिती होणार.

तात्यासाहेबांनी मिशीला पीळ दिला. "सांगा बाई, आमचा भविष्यकाळ चुकला का?"

तांबोळी बाई उठल्या. "आनंदाचा अगदी बरोबर आहे, साहेब. पण 'व्हेन'च्या वाक्यात 'विल' चालत नाही. तिथे 'व्हेन आय बिल्ड' म्हणतात. आनंद पुढे केव्हाही होऊ दे, बांधायला मात्र वर्तमानकाळच लागतो."

मांडवातल्या पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एवढ्या लोकांसमोर तात्यासाहेब रागावणार तरी कसे? ते खो खो हसले आणि वसतिगृहाचं काम सोपवायला त्यांनी पालकांत बसलेल्या एका कंत्राटदाराला तिथेच व्यासपीठावर बोलावून घेतलं.

शेवडे बाईंनीही टाळ्या वाजवल्या. हा नियम त्यांनी जन्मभर फळ्यावर लिहिला होता. त्याचा असा उपयोग मात्र कालच्या पोरीला सुचावा, ही जळजळ काही केल्या शमेना.