हुदहुदाच्या पाठीवर

तळ्याकाठच्या त्या पक्ष्यांच्या राज्यात कोतवालाच्या झाडावर घरटे मिळणे हे नशीब समजले जाई. कोतवाल म्हणजे काळा, दुभंगल्या शेपटीचा, अंगाने बेताचाच पक्षी. पण शिक्रा, म्हणजे पिल्ले उचलणारा ससाणा, आला की तो एकटा त्याच्या पाठीवर चढे आणि त्याला तळ्याच्या हद्दीबाहेर पिटाळून लावे. म्हणून राज्याने कोतवालांना दोन गोष्टी दिल्या होत्या : झाडाचा शेंडा, आणि चोच कधी चालवायची हे स्वतः ठरवण्याचा अधिकार. चोच चुकली तर चौकशीही कोतवालच करत. बाकीच्यांना त्यातले काय कळणार, असे सगळे म्हणत. आणि हे म्हणणे इतके जुने होते की ते प्रथम कोण म्हणाले, हे कुणालाच आठवत नव्हते.

एका दुपारी तळ्याच्या काठावर माळू नावाचा हुदहुद मारला गेला. तो पलीकडच्या माळावरचा. माळ करपला होता, म्हणून तो ओल्या मातीतले किडे उकरायला तळ्यावर येऊ लागला होता. काजळ्या कोतवालाने त्याला हटकले, आणि थोड्या वेळाने माळू चिखलात पडलेला होता. संध्याकाळच्या आत राज्याच्या बातम्या सांगत फिरणाऱ्या साळुंकीने झाडोझाडी वर्दी दिली : "हुदहुदाने तुरा उभारला. चोच रोखली. अंगावर धावून आला. काजळ्यासाहेबांनी स्वतःचा जीव वाचवला. चोच एकदाच मारली."

ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. हुदहुदाची चोच लांब होती, हे खोटे नव्हते.

मेलेल्या पक्ष्याला पानात शिवून मातीत ठेवण्याची तिथे रीत होती, आणि ते काम पाने शिवून घरटे करणाऱ्या टाचणी नावाच्या चिमुकल्या शिंपिणीकडे असे. तिचे घरटे काजळ्याच्याच उंबरावर, खालच्या फांदीवर होते. घरट्यात तीन अंडी होती. दुसऱ्या सकाळी माळूची बायको भिवरी त्याला घेऊन आली, तेव्हा टाचणीने दोन मोठे टाके घेता येतील असे उंबराचे पान निवडले, कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढला आणि कामाला लागली. माळूला पालथे करताच तिची चोच थांबली.

"वहिनी, भांडण समोरासमोर झालं म्हणे?"

"मी कुठं होते तिथं," भिवरी म्हणाली. "साळुंकी सांगते तेच मला ठाऊक."

माळूची छाती स्वच्छ होती. एक पीसही विस्कटलेले नव्हते. भोके होती ती पाठीवर आणि मानेच्या मागे. सात.

टाचणीला राग आला नाही. राग येण्याआधी तिला नवल वाटले. जन्मभर तिने पानांना भोके पाडली होती. चोच कुठल्या बाजूने शिरली, कडा कुठे वळल्या, एक भोक पडल्यावर दुसरे किती वेळाने पडले, हे तिला नुसते पाहून कळे. एकाच घावाची सात भोके कशी होतात? आणि पुढून धावून येणाऱ्याची पाठ समोर कशी येते? ज्या गोष्टीचा टाका जुळत नाही ती तिला स्वस्थ बसू देत नसे. तिने एक कोवळे पान माळूच्या पाठीवर अंथरले आणि प्रत्येक भोकाच्या बरोबर वर चोच टोचून घेतली. मग माळूला शिवले, भिवरीच्या हवाली केले आणि ते पान घेऊन ती तळ्यावर गेली.

पाणकोंबडी म्हणाली, "माझी मान तेव्हा पाण्यात होती गं." पाणकावळा म्हणाला, त्याचीही. बगळा म्हणाला, तो तेव्हा डुलकी घेत होता. टाचणीला वाटले, सबंध तळे एकाच क्षणी बुडी मारते हे मोठेच आश्चर्य आहे, आणि तसे तिने बोलूनही दाखवले. बगळा एक पाय बदलून म्हणाला, "बाई, तुझी अंडी अजून उबायची आहेत ना?"

परतल्यावर ती सरळ उंबराच्या शेंड्यावर गेली. तिथे कुणी जात नसे. काजळ्या एकटा बसला होता. त्याच्या डाव्या पंखाखाली शिक्र्याच्या नखाची जुनी खूण होती.

"साहेब, एक विचारायचं होतं."

"विचार."

"त्यानं तुरा उभारला होता?"

"उभारला होता. झपकन. उन्हात मला ते शिक्र्याचं डोकं वाटलं."

"हुदहुद भ्याला की तुरा उभारतो. त्याला दुसरं काही येतच नाही."

काजळ्याने फांदीवर चोच घासली.

"बरं, पहिला घाव तसा पडला असेल," टाचणी म्हणाली. "दुसरा कशासाठी?"

तो पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "झेप कशी घ्यायची, मान कुठं धरायची, सगळं आम्हाला शिकवतात. थांबायचं कसं ते कुणी शिकवलं नाही." आणि लगेच पिसे फुगवून, "हे मी बोललो नाही. जा तू."

चौकशी बाभळीवर भरली. पाच कोतवाल एका फांदीवर बसले, मधोमध थोरले कोतवाल. काजळ्याने साळुंकीची वर्दी शब्दाला शब्द म्हणून दाखवली. मग टाचणीने पान पुढे ठेवले. त्यातून सात ठिकाणी ऊन खाली पडत होते.

"हे काय?" थोरल्यांनी विचारले.

"माळूची पाठ."

"हे उंबराचं पान आहे."

"त्याच्या पाठीवर धरून टोचलंय. साहेबांनी त्याला मातीतून काढून ताडून पाहावं."

"शिंपिणबाई," थोरले कोतवाल सौम्यपणे म्हणाले, "शिक्रा अंगावर आलाय असं कधी झालंय तुमच्या बाबतीत?"

"नाही, साहेब. तुमच्यामुळंच नाही झालं."

"मग?"

"म्हणून तर विचारायला आले. का मारलंस, असं शिक्र्याला विचारता येत नाही. तुम्हाला येतं, असं वाटलं."

फांदीवर थोडी चुळबुळ झाली. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या कोतवालिणीने पान चोचीत घेऊन उजेडाकडे धरले, एकेक भोक निरखले आणि ते खाली ठेवले. निकाल दुसऱ्या दिवशी साळुंकीने सांगितला. काजळ्याला उत्तरेच्या बांधावरच्या सावरीवर नेमले होते. ती उंबराहून उंच होती. पानाविषयी असे ठरले की पान वाळते, आकसते, आणि आकसलेल्या पानावर विसंबता येत नाही. शिवाय एक नवा नियम झाला : तुरा असणाऱ्या सर्वांनी कोतवालासमोर तो मिटून ठेवावा. त्या दिवसापासून बुलबुल पाण्यात पाहून डोके चपटे ठेवण्याचा सराव करू लागले.

टाचणीला कुणी काही बोलले नाही. फक्त तीन दिवसांनी भर सकाळी एक कावळा उंबरात शिरला, तेव्हा शेंड्यावरचा हंगामी कोतवाल पाठ फिरवून शेपटी साफ करत होता. ती ओरडत राहिली. दोन अंडी गेली.

उरलेले एक अंडे घेऊन जाता येत नव्हते, आणि सोडूनही जाता येत नव्हते. टाचणी अंड्यावर नुसती बसून राहिली. संध्याकाळी भिवरी आली.  ती घरट्याच्या तोंडाशी आपली लांब चोच बाहेर करून बसली, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत रोज बसत राहिली.

"तुम्हाला इथं पाहिलं तर..." टाचणी एकदा म्हणाली.

"पाहू देत," भिवरी म्हणाली. "तुम्ही आमच्या ह्यांच्या पाठीकडं पाहिलंत. बाकी कुणी पाहिलं नाही."

पिल्लाला पंख फुटले तेव्हा उंबरावर कायमचा नवा कोतवाल आला होता. तो तरुण होता, कामसू होता, आणि आपल्या राखणीतल्या एकाही घरट्याला धक्का लागू द्यायचा नाही असे त्याने मनाशी ठरवले होते. पहिल्याच सकाळी तो शेंड्यावर येऊन बसताच खालच्या झाडीतून त्या वर्षीच्या साऱ्या पिल्लांनी एकदम हाक दिली. शिक्रा दिसला की द्यायची ती हाक. नवा कोतवाल बाणासारखा वर झेपावला. त्याने पूर्व पाहिली, पश्चिम पाहिली. आभाळ मोकळे होते. शिक्रा कुठेतरी दडला असणार म्हणून तो खाली उतरून घरट्यांच्या अगदी जवळून फिरू लागला. हाका वाढल्या. तो आणखी वेगाने फिरू लागला, आणि त्याची सावली ज्या ज्या फांदीवरून सरकत गेली, त्या त्या फांदीवरून तीच हाक, आणखी मोठ्याने, उठत गेली.