टेकायची भिंत

“ओट्याखाली कप्पे तीन करायचे की चार?” बाईंनी विचारलं, आणि नेमका तेव्हाच जयवंत ताटेचा फोन वाजला.

श्रावणातला साधासा मंगळवार होता. बंगला त्या बाईंचा, काम जयवंतचं. जुनी घरं फोडून नवी करून देणं हा त्याचा धंदा. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडायची होती. ब्रेकर मशीन भिंतीला भिडलं होतं आणि धुळीत कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं.

फोनवर मेहुणा होता. शालन, जयवंतची बायको, आदल्या दिवशीच माहेरी गेली होती.

“काय? ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल!”

मेहुण्यानं पुन्हा सांगितलं.

“अरे, मशीन चालू आहे इथं. मोठ्यानं!”

मग मेहुण्यानं ते ओरडून सांगितलं.

जयवंतनं फोन खिशात ठेवला. मशीनवाल्याला हातानं खूण केली. थांब. मशीन थांबलं, धूळ हळूहळू खाली बसली. भिंत अर्धी पडली होती आणि पलीकडचा हॉल दिसायला लागला होता. तिथं खिडकीत एक पितळी गडवा होता, त्यावर ऊन पडलं होतं.

“चार करा,” तो बाईंना म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.

...

जयवंतच्या स्वतःच्या घराला मात्र कधी हात लागला नव्हता. मागच्या दाराजवळ स्वयंपाकघराची एक भिंत होती. शालन रोज संध्याकाळी तिथं पाय पसरून बसायची. मांडीवर परात, परातीत गवार नाहीतर मेथी, आणि डोकं मागं भिंतीला. केसांना माक्याचं तेल. ते ती घरीच कढवायची. वर्षानुवर्षं ते तेल भिंतीत मुरत गेलं आणि तिथं एक डाग धरला.

“लोक हसतील,” जयवंत म्हणायचा. “ताटे काँट्रॅक्टरच्या घरात तेलाचा डाग! या दिवाळीला टाइल लावून टाकतो.”

“लावा की. आणि टाइलला डोकं टेकून तुम्हीच बसा. मला गार लागतं.”

टाइल काही लागली नाही.

ती वारल्यावर, माघात कधीतरी, त्यानं सवयीनं त्या भिंतीवर बोटाची पेरं आपटली. भिंत पोकळ वाजली. गिलाव्यानं विटा सोडल्या होत्या. अजून एक पावसाळा, की सगळा खाली येणार, डागासकट.

त्या आवाजानं त्याची झोप उडाली.

मग त्यानं ठरवलं. तेवढा तुकडा कटरनं अलगद कापून काढायचा, मागून फळी द्यायची, पुढून काच, आणि सागवानी चौकट करून देवघराशेजारी लावायचा. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्याला जमणार होतं. लोकांच्या भिंती त्यानं लोण्यासारख्या कापल्या होत्या. त्यानं डागाभोवती पेन्सिलीनं चौकोन आखला, सुताराकडून चौकट करून घेतली, कटरवाल्याला बोलावणं धाडलं. तो उद्या येणार होता.

आणि आज तो आक्कांकडे निघाला. कापायला वेळ कुठली बरी, एवढंच विचारायला. असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

...

नदीच्या वळणावर एका खोलीचा मठ आहे. दगडी जोतं, पुढं ओसरी, मागं काटेसावरीचं झाड. तिथं पूर्वी एक महाराज राहायचे. आक्का तरुणपणी त्यांच्या सेवेला आल्या. महाराज गेले, आक्का राहिल्या. आता त्या ऐंशीच्या पुढं होत्या. मागं कधीतरी त्यांना न्हाणीघर बांधून द्यायला जयवंत आला होता, तेव्हापासूनचा त्यांचा लोभ.

पाडवा जवळ आला होता. आक्का ओसरीवर चुन्याची बादली घेऊन बसल्या होत्या.

“ये. बरा आलास. हे ढवळ.”

“आक्का, एक विचारायचं होतं...”

“ढवळता ढवळता विचार. तोंड मोकळंच आहे ना?”

जयवंत ढवळायला बसला. ढवळता ढवळता त्यानं सगळं सांगितलं. भिंत, डाग, पोकळ आवाज, कटर, चौकट. कापताना पाणी किती मारायचं हेसुद्धा सांगितलं. आक्का ‘हं’ म्हणत राहिल्या.

“कुठंही तडा जाणार नाही,” तो म्हणाला. “माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे.”

“न्हाणीघर गळतं.”

“कुठं?”

“कोपऱ्यात. असू दे, पुढं सांग.”

जयवंतनं काठी बादलीच्या कडेला टेकवली. आवाज खाली आणला.

“आणखी एक आहे, आक्का. हे पोरांनाही बोललो नाही... ती गेल्यापासून तो डाग वाढलाय.”

“वाढलाय?”

“गडद झालाय. आणि वर सरकलाय, वीतभर तरी. मी भिंती ओळखतो, आक्का. ओल नाही ती. ओल खालून चढते, पोपडे धरते. हे तेलच आहे.”

तो थांबला.

“ती येते...”

आक्कांनी कुंचला घेतला, बादली उचलली आणि आत गेल्या.

खोलीत समोरच्या भिंतीवर महाराजांची तसबीर होती. तिच्या खाली, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक मोठा तपकिरी डाग होता. महाराज तिथं टेकून बसायचे. लोक आले की तसबिरीला हात जोडायचे, मग वाकून त्या डागाला बोटं लावायचे आणि ती कपाळाला लावायचे. जयवंतही लावायचा.

आक्कांनी कुंचला बुडवला आणि त्या डागावरून सरळ ओढला.

“आक्का!”

जयवंतनं त्यांचं मनगट धरलं होतं. केव्हा धरलं ते त्यालाही कळलं नाही.

“अहो, हा महाराजांचा...!”

“हात सोड. चुना ओघळतोय.”

त्यानं हात सोडला. आक्कांनी बाकीचाही डाग सारवून टाकला, कुंचला बादलीवर आडवा ठेवला आणि भिंतीसमोर मांडी घालून बसल्या. बाजूच्या जमिनीवर हात थोपटला. जयवंत बसला.

चुना ओला असतो तोवर आरपार दिसतं. डाग होता तसाच होता, उलट जास्त गडद. मग कडेनं भिंत वाळायला लागली.

फाल्गुनातली दुपार. नदीवरचा उजेड आढ्यावर हलत होता. सावरीचा कापूस सुटायला लागला होता. एखादा पुंजका दारातून आत यायचा, हवेत थांबायचा, आणि कुठं जायचं ते न ठरवताच खाली बसायचा. भिंत आपली आपण पांढरी होत होती. डाग पुसला जात नव्हता. पहाटे नदीवरच्या धुक्यात कुणी चालत जावं, तसा तो आत आत जात होता. आधी कडा गेल्या. मग मधलं गेलं. जयवंतला वाटलं, मागं कुणीतरी गवारीच्या शेंगा मोडतंय. एक... मग एक... त्यानं मान वळवली नाही. वळवली तर आवाज थांबेल, असं त्याला वाटलं.

मग समोर नुसती पांढरी भिंत होती.

“गेला,” तो म्हणाला.

“येईल का परत?” आक्कांनी विचारलं.

“येईल. तेल चुन्याला जुमानत नाही. पाडवा झाला की पिवळं दिसायला लागेल.”

“येतो खरा,” आक्का म्हणाल्या. “दर वर्षी मी मारते, दर वर्षी येतो. पण महाराजांना जाऊन तुझ्या वयाएवढी वर्षं झाली, जयवंता. एवढं तेल होतं होय त्यांना?”

जयवंतनं वर तसबिरीकडं पाहिलं.

“आणि केस कुठं होते त्यांना?” आक्का म्हणाल्या. “बघ की. गुळगुळीत.”

महाराज तसबिरीतून हसत होते. डोक्यावर एक केस नव्हता.

“मग हा डाग...?”

“पोस्टमन टेकतो. दूधवाला टेकतो. एकादशीला बाया येतात, त्यांना तर तीच भिंत लागते. न्हाणीघर बांधत होतास तेव्हा भाकरी खाल्ली की तूही टेकायचास. घोरायचास सुद्धा.”

जयवंतला हसू आलं. ते अर्ध्यातच राहिलं.

“तू संध्याकाळी घरी कुठं बसतोस?” आक्कांनी विचारलं.

“तिथंच.”

“टेकून?”

“हो.”

“तेल लावतोस?”

जयवंतचा हात आपसूक केसांकडं गेला.

“तिच्या बाटलीतलं उरलंय,” तो म्हणाला. “माक्याचं. पडूनच होतं... म्हणून थोडं थोडं...”

शालन त्याच्या खांद्याला लागायची. बसली तरी तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या वीतभर खाली यायचं. जन्मभर लोकांच्या भिंती बघून कुठं काय मुरलंय ते सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात रोज संध्याकाळी आपणच काय मुरवतोय ते त्याला दिसलं नव्हतं.

बाहेर सावरीवर कावळा ओरडला आणि उडून गेला.

“म्हणजे ती येत नाही,” जयवंत म्हणाला.

आक्कांनी बादलीच्या कडेवरचा चुना कुंचल्यानं आत ओढला.

“मग उद्या कापू की नको?”

“काप की. कुणी नको म्हटलंय?” त्यांनी चुलीपाशी हात लांब करून एक कोळसा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. “घरी चौकोन आखलायस ना? इथं आखून दाखव मला. तिचं कुठवर, तुझं कुठून.”

“आक्का...”

“आख.”

जयवंत उठला. भिंतीपाशी गेला. रेघ मारणं हे त्याच्या हाताला झोपेतही जमणारं काम. डोळ्यांसमोर घरची भिंत आणली, डाग आणला. खालचा तिचा. वरचा आपला. पण मध्ये? मध्ये कुठं... त्यानं हात वर नेला, खाली आणला. कोळसा भिंतीपासून बोटभर अंतरावरच राहिला.

आक्कांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. मग कुंचला बुडवला आणि त्याच जागेवर, जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत, चुन्याचा आणखी एक जाड थर दिला. भिंत पुन्हा ओली झाली.

“बस,” त्या म्हणाल्या. “टेक.”

“ओलं आहे, आक्का.”

“टेक.”

“शर्ट...”

आक्कांनी बोटानं भिंत दाखवली.

जयवंत बसला आणि टेकला. गारवा शर्टातून पाठीत उतरला, मानेत गेला, मग डोक्यात. त्यानं डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पलीकडच्या तीरावर कुणीतरी म्हशींना नावानं हाका मारत होतं. हाक पाण्यावरून यायची आणि मध्येच कुठंतरी विरून जायची. जयवंतचे खांदे हलायला लागले. आवाज झाला नाही. आक्का दाराबाहेर बघत बसल्या.

उजेड आढ्यावरून सरकून भिंतीवर आला, तेव्हा तो उठला. डोळे पुसले, तर गालाला चुना लागला. वळून बघतो तो भिंतीवर त्याच्या पाठीचा आकार उमटला होता. वर डोक्याचा गोल. तेवढ्या जागेवरचा ओला चुना त्याच्या शर्टावर आणि केसांवर आला होता आणि आतली भिंत उघडी पडली होती.

“अरेच्चा. थांबा, एक हात मारून देतो,” तो म्हणाला आणि कुंचल्याकडं वाकला. असं काम सोडून तो आजवर कुठल्या घरातून निघाला नव्हता.

आक्कांनी बादली उचलली. तिच्यात अख्खी भिंत पुन्हा होईल एवढा चुना होता. त्या सावकाश चालत ओसरीच्या कडेला गेल्या, बादली गटारात रिकामी केली, पालथी घालून तळ थोपटला, आणि तिथंच उन्हात ठेवून आत आल्या.

“चुना संपला,” त्या म्हणाल्या. “एवढी भिंत राहिली.”