काळी मोटार, तांबडी मोटार

शिवणीच्या राजेसाहेबांची काळी विलायती मोटार सरस की त्यांच्या व्याह्यांची तांबडी अमेरिकन, यावर पैज लागली आणि दोन्ही मोटारी धुरळा उडवत सुटल्या. नदीच्या वाळूत दोन्ही रुतल्या! सगळा गाव धावला. गावातल्या भागूबाईने आपली खिलारी बैलांची जोडी जुंपून एकेक मोटार काठावर ओढून आणली.

“दोन्ही तू जवळून पाहिल्या आहेस,” राजेसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले. “सांग, सरस कोणती?”

“खरं बोल हं बाई!” व्याही गुरगुरले.

गावाने पुलासाठी राजेसाहेबांकडे दहा अर्ज केले होते. गेल्या पावसाळ्यात भागूबाईची बाळंतीण लेक याच काठावर दगावली. नदीला पूर होता आणि डॉक्टर पलीकडे.

“सरकार, दोन्ही आल्या माझ्या बैलांच्या मागनं. पहिला नंबर बैलांचा! दुसरा ठरवायचा तर मोटारींनी आपल्या बळावर नदी ओलांडायला हवी. पूल बांधा, मग सांगते.”

व्याही खदखदून हसले. राजेसाहेब लालबुंद झाले. “बांधतोच पूल!”

पुढच्या पावसाळ्याआधी पूल झाला. निकालाच्या दिवशी दोन्ही मोटारी मात्र अलीकडच्या काठावरच थांबून राहिल्या, कारण पुलावरून भागूबाईची बैलगाडी चालली होती. गाडीत शेजारची गरोदर सून होती.