विसार घेतलेली घोडी

“...मेंढरं राखायची मी, ऊन-वारा खायचा मी, लांडग्यापुढं काठी घेऊन उभं राहायचं मी. आणि घोडी विकायची म्हटली की विचारायचं बायकोला? का म्हणून, आबा?”

मायाप्पा आबा तांब्या घासत होते. घासत राहिले.

जन्मभर मेंढरं राखून आबा म्हातारपणी माळावरच्या बिरोबापाशी येऊन बसले होते. वाटेनं जाणारी धनगरांची बिऱ्हाडं तिथं घटकाभर टेकत आणि आपली गाऱ्हाणी सांगत. मेंढरं भावावर सोपवून आज धुळा तसाच टेकला होता. बाहेर लिंबाखाली त्याची बायको ठकू बसली होती. शेजारी उतरवलेला बोजा, दोन कोकरं आणि घोडी.

“विसार घेतलास?” आबांनी विचारलं.

“घेतला की, बाजारात. आगाऊ पैसे हातात पडलेत. आज दिवस कलताना व्यापारी घोडी न्यायला इथंच येतोय. त्या पैशात आणखी मेंढ्या घेणार. कळप वाढवतोय, दारू तर पीत नाही ना?”

“ठकू काय म्हणते?”

“ती काय म्हणणार? तिला बाजारातलं काय कळतंय!”

“काय कळतंय ते नाही विचारलं मी.”

धुळा वरमला. “म्हणाली, विसार घेताना मला विचारलं नाही, आता आबांना तरी विचारा. म्हणून आलो.”

“म्हणजे तिच्याच शब्दानं आलास.”



आबांनी तांब्या उपडा घातला. “जा, बोजा चढव घोडीवर. घेणाऱ्याला दाखवायला नको? मग बोलू.”

धुळाला हसू आलं. एवढंच ना?

खरं तर हे काम त्याच्या हाताखालून कधी गेलंच नव्हतं. झुंजुमुंजू झालं की तो मेंढरं घेऊन पुढं निघे. मागं ठकू आणि तिची जाऊ बिऱ्हाड आवरत, घोडी लादत आणि जवळच्या वाटेनं मुक्काम गाठत. तो पोचे तेव्हा चूल पेटलेली असे आणि घोडी मोकळी चरत असे.

त्यानं वाघर उचलली. रात्री मेंढरं कोंडायची ती जाळी चांगलीच वजनदार. ती एका अंगाला बांधून तो वळसा घालून पलीकडं गेला. तोवर सगळं घसरून घोडीच्या पोटाखाली आलं होतं.

मग त्यानं आधी पिठाचं पोतं बांधलं. तेही घसरलं.

मग एका अंगाला खांदा लावून त्यानं पलीकडचा दोर धरायला हात लांबवला. हात पोचेना. घोडीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

“अगं, बघत काय बसलीस? धर की पलीकडून!”

ठकू उठली. पदर खोचला. “वाघर इकडं द्या. पोतं तुमच्या अंगाला राहू दे. आणि ती झोळी रिकामी बांधू नका, कोकरं घाला तिच्यात.”

“आत्ताच?”

“रोज त्यांच्या वजनानंच तोल बसतो. कालची व्यालेली मेंढी चालत जाते, तिचं कोकरू कुठं चालतंय?”

धुळानं झाडाखालची दोन कोकरं उचलून झोळीत ठेवली. 

“मेंढ्या वाढवणार म्हणता,” ठकू पलीकडून म्हणाली. “कोकरंही वाढतील. ती कुणाच्या पाठीवर?”

“टेम्पो करू.”

“घाटातल्या पाऊलवाटेवर?”

धुळानं दोर हातात घेतला. पोटाखालून दोराचं टोक पलीकडं गेलं. घोडीच्या आडोशाला ठकू त्याला दिसत नव्हती. नुसत्या बांगड्या वाजत होत्या.

“ओढू?”

“थांबा.”

...

“आता?”

“आता. पण हळू.”

बोजा बसला. घोडी दोन पावलं चालली, तरी हलला नाही.

धुळा हात झटकत आबांपुढं आला. चेहरा उजळला होता. “कळलं, आबा! ठरवलं मी. घोडी विकायची नाही. व्यापारी आला की विसार त्याच्या हातावर ठेवतो. बास!”

ठकू काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड मिटून घेतलं.

आबा उठले. झोळीतली कोकरं अलगद काढून त्यांनी ठकूच्या पदरात दिली. मग वळसा घालून ते धुळाच्या अंगाला आले आणि त्यांनी गाठ सोडली.

धप्प! वाघर एकीकडं, पोतं एकीकडं. थोडं पीठही सांडलं.

“आबा! असं काय केलंत? बरोबरच ठरवलं होतं की मी!”

“कुणी ठरवलं?” आबांनी विचारलं.

तेवढ्यात माळावर मोटारसायकल थांबली. व्यापारी उतरला आणि पिठानं माखलेल्या बोज्याकडं बघून हसला. “काय धुळा, ठरलंय ना? नेऊ घोडी?”

धुळानं तोंड उघडलं. मिटलं. खाली पडलेलं दोराचं टोक उचलून त्यानं घोडीच्या पाठीवरून पलीकडं बघितलं.

“ठकू... तू मघाशी काहीतरी म्हणणार होतीस.”

ठकूनं कोकरं खाली ठेवली.

आबांनी घासलेला तांब्या भरून व्यापाऱ्यापुढं धरला.

“टेका जरा,” ते म्हणाले. “घोडी लादायची आहे अजून.”