विभावरीचा व्हिसा

“मग वकील करू की नको, एवढंच सांगा बाबा.”

बाबांनी हातातली चिंच फोडली. गर पातेल्यात टाकला, चिंचोके सुपात.

“कसला वकील?”

कऱ्हेकाठच्या आमच्या मठात दुसऱ्या दिवशी भंडारा होता. आमटीला चिंच लागते, म्हणून आत मठाचे बाबा आणि मी, बाहेर अंगणात गावातल्या बायका, सगळे चिंचा फोडायला बसलो होतो. त्यात हा विभास टिळेकर आला. अमेरिकेत असतो. मूळचा इथलाच, मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो. हुशार आहे, नाही म्हणणार नाही. पण उत्तर खिशात घालून यायचं आणि वर प्रश्न विचारायचा, ही त्याची खोड जुनी.

“बायकोच्या व्हिसाचं आहे,” तो म्हणाला. “मी तिकडचा नागरिक झालोय. तिला न्यायचं म्हणून अर्ज केला. मुंबईला तिची मुलाखत झाली आणि आता पत्र आलंय. म्हणे, हे लग्न खरं वाटत नाही.”

“खरं आहे का?”

“बाबा, अख्खा गाव जेवून गेला लग्नात.”

“जेवण खरंच होतं. मीही जेवलो. लग्नाचं विचारतोय.”

विभास हसला. त्याला ती गंमत वाटली.

“पुरावे द्या, नाहीतर अर्ज फेटाळतो, असं आहे पत्रात. आणि एकदा का खोट्या लग्नाचा शिक्का बसला, की तिला तिकडचं दार कायमचं बंद.”

“घोडं अडलंय कुठं?”

“नावावर. तिचे शाळेचे, नर्सिंगचे सगळे कागद माहेरच्या नावाचे. सारिका. आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. विभावरी. आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात, हे तिथल्या गोऱ्या बाईला काय कळणार?”

“नाव कुणी काढलं?”

“आईनं. विभासला विभावरी शोभतं म्हणून.”

“तिला आवडलं?”

“त्यात आवडायचं काय, बाबा? रीतच आहे.”

“बरं...”

बाबांनी दुसरी चिंच घेतली. विभासला ते ‘बरं’ झोंबलं असावं. तो जरा पुढं सरकून बसला.

“नुसत्या नावानं एवढं बिघडलं नसतं. बिघडवलं हिनं. मी फोनवर सगळं तिच्याकडून घोटून घेतलं होतं. माझं ऑफिस कुठं, मी सकाळी काय खातो, आमचं लग्न कुणी जमवलं. सगळं पाठ. आणि त्या बाईनं पहिलाच प्रश्न विचारला, तुझं नाव काय. तर ही रडायला लागली. नाव सांगेचना. नुसती रडतेय. त्या बाईला वाटलं, हिला पढवून आणलंय.”

“पढवलं नव्हतंस?”

विभासनं सुपातला एक चिंचोका उचलला, परत टाकला.

मग म्हणाला, “तयारी करून घेतली होती.”

“बरं.”

“सासरे म्हणतात, चांगला वकील करा. माझं म्हणणं, वकील केला म्हणजे आपणच संशय कबूल केल्यासारखं. अर्ज मी स्वतः भरलाय. एक रकाना चुकलेला नाही. आता वकील येणार आणि मलाच शिकवणार, असं नको होतं, तसं नको होतं. कशाला ऐकून घ्यायचं?”

“मग करू नकोस.”

“आणि फेटाळला तर?”

“मग कर.”

“तुम्ही चेष्टा करताय माझी.”

“मी कशाला करू? दोन्ही तूच बोलतोयस.”

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण दारातून मला त्याची बायको अंगणात दिसत होती. पदर खोचून, मान खाली घालून चिंचा फोडत होती. सासवडच्या दवाखान्यात नर्स होती ही पोरगी. आमच्या पाटलांच्या म्हातारीला तिनंच उठवून बसवलं. लग्न झालं, अर्ज गेला, आणि आज जाशील उद्या जाशील म्हणून सासूनं नोकरी सोडायला लावली. हा आपला वर्षातून एकदा येतो. ती सासूच्या गोळ्या आणि सासऱ्यांचं पथ्य बघत बसलीय. लग्नाला तिसरं वर्ष. मला त्याचा राग येत होता, खोटं कशाला बोलू.

“बायको आलीय ना?” बाबांनी विचारलं.

“बाहेर बसलीय.”

“बोलव.”

विभास उठून दाराशी गेला.

“अगं ए...”

अंगणातल्या सगळ्याच बायकांनी वर पाहिलं. मग एकमेकींकडं बघून हसल्या.

“नावानं बोलव,” बाबा आतून म्हणाले.

विभास घुटमळला. घसा साफ केला.

“विभावरी.”

कुणी वर पाहिलं नाही.

“विभावरी...”

पाटलांची सून बाजूच्या बाईला म्हणाली, “कोण गं आलीय नवीन?” ती बाई म्हणाली, “काय की.” आणि सारिका चिंच फोडत राहिली. सोंग नव्हतं ते. त्या नावानं तिला कुणी हाकच मारली नव्हती कधी. घरी सासू सूनबाई म्हणते, हा फोनवर अगं म्हणतो. ते नाव पासपोर्टावर होतं, तिथंच राहिलं.

विभासचा चेहरा उतरला.

“मुद्दाम करतेय,” तो म्हणाला.

बाबांनी पुढची चिंच फोडली.

विभास तसाच चौकटीला हात लावून उभा. एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा बाहेर. मग अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाला,

“सारिका.”

ती ताडकन उठली. मांडीवरच्या चिंचा खाली सांडल्या, त्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पायात चपलाही न घालता आली आणि दारात थांबली. नवऱ्याकडं असं बघत होती, की मला मान खाली घालावी लागली.

“बस बाळ,” बाबा म्हणाले. “त्या मुलाखतीत रडलीस का?”

तिनं आधी विभासकडं पाहिलं.

“त्याला नको विचारू. तू सांग.”

“त्या बाईनं नाव विचारलं,” ती म्हणाली. “किती चांगलं विचारलं तिनं... खाली वाकून, माझ्याकडं बघून. लग्न झाल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. सांगायला गेले, आणि कुठलं सांगू तेच कळेना. हे म्हणाले होते, मी लिहिलंय तेच बोलायचं. तोंडात दुसरंच येत होतं. म्हणून मग...”

“हे मला कधी बोलली नाहीस,” विभास म्हणाला.

“तुम्ही फोनवर विचारलंत, रडलीस कशाला म्हणून. आणि ठेवून दिलात.”

बाहेर बायकांचं बोलणं थांबलं होतं. ऐकत असणार. ऐकू देत, मी मनात म्हटलं.

“तुला जायचंय का तिकडं?” बाबांनी विचारलं.

तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. बोटं चिंचेनं चिकट झाली होती, ती एकमेकांवर घासत होती.

“नोकरी गेली, बाबा. माहेरी म्हणतात, तू आता तिकडची. सासरी म्हणतात, तू काय, आज ना उद्या जाणारच. जायचंय का म्हणजे... मी इथं तरी कुठं आहे?”

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. माणूस आहे. तिच्याजवळ जाईल, निदान खाली तरी बसेल.

विभासनं खिशातून फोन काढला.

“हे बरं झालं,” तो म्हणाला. “हे सगळं लिहून द्यायचं. का रडली, त्याचं कारण मिळालं ना आता. नाव बदलल्यामुळं मनावर ताण आला, असं मांडता येईल. उलट हाच मोठा पुरावा आहे. पण हे वकिलाकडूनच गेलं पाहिजे, चांगल्या भाषेत. तू परत एकदा सांग बरं, पहिल्यापासून. मी रेकॉर्ड करतो.”

त्यानं फोन तिच्या तोंडासमोर धरला.

तिनं फोनकडं पाहिलं. मग बाबांकडं. आणि ओठ मिटून घेतले.

“बोल की,” विभास म्हणाला.



थोडा वेळ तो तसाच फोन धरून राहिला. मग वैतागून खाली केला आणि बाबांकडं वळला.

“बघितलंत? तिथंही हेच केलं हिनं... जाऊ दे. माझं ठरलं. वकील करतोच मी. करू ना बाबा?”

“कर,” बाबा म्हणाले. “दोन कर. एक तुझा, एक सारिकाचा.”