रायवळ आंब्यांचे पान

एकदा एक वृद्ध ग्रंथपाल होते, असे म्हणतो खरा. पण ते तेव्हा निवृत्त झाले होते की व्हायचे होते, हे मला नीट आठवत नाही. या वयात आठवणीवर फार विसंबू नये. त्यांची शिष्या मात्र लख्ख आठवते.

तालुक्याच्या ग्रंथालयात तिने विकी सुरू केला होता. विकी म्हणजे संगणकावरची अशी पाने, जी वाचणाऱ्यानेच तिथल्या तिथे वाढवावीत, सुधारावीत. पहिले पान तालुक्यातील रायवळ, म्हणजे कलम न करता कोयीपासून वाढलेल्या, आंब्यांचे. तिने ग्रंथ धुंडाळून ते इतके सुबक लिहिले, की वाचक "वा, बाई!" म्हणत आणि निघून जात. लिहीत कोणी नसे.

ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी बजावले, "वार्षिक सभेपर्यंत वाचकांनी काही लिहिले नाही, तर विकी बंद. आणि तुमची हंगामी नेमणूकही."

ती रडवेली होऊन गुरूंकडे आली. त्यांनी पान वाचले, मान डोलावली आणि बराचसा मजकूर पुसून टाकला. लोणच्याच्या परिच्छेदाजागी एकच ओळ लिहिली: 'शेंदऱ्या आंब्याच्या कैरीचे लोणचे टिकते की नाही, याची आम्हांला माहिती नाही.'

"सर, मला माहीत होतं ते!"

"होतं ना. म्हणूनच पुसलं."

सकाळी वृत्तपत्रे चाळायला आलेले एक निवृत्त तलाठी पडद्यासमोर थबकले. "माहिती नाही? ग्रंथालयाला? आमच्याकडे दोन वर्षं टिकतं!"

"टिकणारच, तुमच्याकडे जेवायला येतं कोण?" कादंबऱ्यांच्या कपाटाजवळून एक बाई म्हणाल्या. "बाठ कोवळी असताना कैरी उतरवली, तरच टिकतं. घ्या लिहून."

"आम्ही नाही लिहिणार," शिष्येजवळ बसलेले गुरू म्हणाले. "तुम्ही दोघं लिहा. ही शेजारी बसेल."

"आणि आमचं जुळलं नाही तर?"

"दोन्ही मतं राहू द्या. नावानिशी."

मग गावोगावची झाडे त्या पानावर आली; त्यांची नावे, छायाचित्रे, वादही. सभेत ते पान पडद्यावर दाखवताच अध्यक्षच उठले. "आमच्या बांधावरच्या खोबऱ्या आंब्याचं नाव कुठंय?"

"लिहा की, साहेब!" मागून कोणी ओरडले. सभागृह हसले. अध्यक्ष शिष्येशेजारी संगणकापुढे बसले आणि एकेक अक्षर शोधत टंकू लागले. टाळ्या थांबेनात. विकी राहिला, तीही राहिली.

परतताना गुरू म्हणाले, "तुझं पान पूर्ण होतं. पूर्ण पानाला माणसं नमस्कार करतात. अपुरं पान दिसलं, की त्यांना आपल्याजवळ काय आहे ते आठवतं. चौघांचं काम सुरू करणाऱ्यानं आपल्याला काय येत नाही, ते आधी सांगावं."

ती नुसती हसली.

तिला ते कितपत पटले, ही शंका मला पुष्कळ दिवस होती. विकी प्रत्येक बदलाची नोंद जपतो. अनेक वर्षांनी मी ती उघडून खात्री केली: तिने मुळात लिहिलेले एकही वाक्य आता त्या पानावर नाही, आणि त्यांतले उरलेले शेवटचे वाक्य तिने स्वतः पुसले आहे.