राजाचा झेल कोण घेणार?

खूप खूप वर्षांपूर्वी, नकाशे काढायची रीतसुद्धा निघाली नव्हती तेव्हा, एक विटीदांडूवेडा राजा होता. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, वेड म्हणजे किती? सिंहासनावर बसला तरी दांडू मांडीवर!

रोज सकाळी तो प्रधान, सेनापती, आचारी अशा सगळ्यांना मैदानावर गोळा करी आणि टोले हाणी. विटी अलगद प्रधानाच्या हातात येई आणि प्रधान ती मुद्दाम खाली पाडी. राजाला बाद करून कोण कपाळमोक्ष करून घेणार? राजाला मात्र वाटे, आपल्यासारखा खेळाडू पृथ्वीवर नाही.

पण दर चैत्रात सीमेवरच्या जत्रेत शेजारच्या राजाशी सामना होई. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठुंगळी घेऊन मैदानाला फेरी मारायची, अशी तिथली रीत. आपला राजा लागोपाठ तीन वर्षं घोडा झाला होता! प्रजा तोंडाला पदर लावून हसे. राजा चारचौघांत विटीला, दांडूला, उन्हाला दोष देई आणि एकटा असला की रडे.

दिवाळीला त्याची थोरली बहीण माहेरी आली. "ताई, माझा खेळ बघ," म्हणत त्याने टोला हाणला. ताईने पदर खोचला आणि झेल घेतला. पुढचाही घेतला. त्याच्या पुढचाही.

राजा रुसला. ताई म्हणाली, "बाळा, तुझे सगळे टोले उंच जातात नि हातात पडतात. पण तुला कळणार कसं? ही माणसं तुझ्याशी खेळत नाहीत, तुझे लाड करतात."

"मग मी करू तरी काय?"

"रोज बाद हो. आणि पुन्हा खेळ."

ताईने फर्मानच काढलं. झेल घेईल त्याला बेसनाचा लाडू, मुद्दाम सोडेल त्याला वाटीभर कारल्याचा रस! झालं. राजा सकाळपासून बाद होऊ लागला. हाताला फोड आले. एकदा तर त्याने रागाने दांडू विहिरीत भिरकावला, मग मुकाट्याने स्वतःच उतरून काढला. लाडू खाऊन प्रधानाचं पोट सुटलं. पण राजा हटला नाही. कोण कुठे उभा आहे ते आता तो आधी बघे. टोला खाली ठेवी, दोघांच्या मधून काढी. होळी आली, तोवर प्रधान पुन्हा बारीक झाला होता.

जत्रेत शेजारचा राजा आधी खेळला. त्याने उंच टोला हाणला आणि आपल्या राजाच्या आचाऱ्याने धावत जाऊन झेल टिपला. मग आपला राजा उभा राहिला. त्याची विटी गवताला घासत जाई, ती कुणाच्या हाती लागेना. राजा जिंकला! लोकांनी पागोटी उडवली, ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

राजा ऐटीत पाठुंगळी बसला. अर्ध्या फेरीत शेजारचा राजा धापा टाकत म्हणाला, "काही कळत नाही गड्या. घरी वर्षभर मी एकदासुद्धा बाद झालो नाही!"

हे ऐकून राजा इतका हसला, की पाठीवरून घसरून धपकन खाली पडला. मग उठून त्याने शेजाऱ्याच्या गळ्यात हात टाकला. "उद्यापासून माझ्या मैदानावर ये. आमची माणसं तुला मनसोक्त बाद करतील."

म्हणून सांगतो, रोज हरून पुन्हा उभं राहायची ज्याची तयारी, त्याचाच खेळावर हात बसतो.